भलं कोणाचं, जमीन कोणाची

मळवली स्टेशनवरून भाजे लेण्यांकडे चालत निघालं की वाटेत एक पूल लागतो. त्याच्याखाली मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग आहे. २००२ साली पूर्ण झालेला, सहा पदरी, सुमारे ९४ किलोमीटर लांबीचा. या रस्त्यामुळे दोन महानगरांमधल्या प्रवासाचा वेळ बराच कमी झाला, जुन्या घाटातली कोंडी सैल झाली. मात्र त्यावर दुचाकीला बंदी आहे, ट्रॅक्टरला आणि बैलगाडीलाही आहे. मळवलीत चढायला-उतरायला वाट नाही. लोणावळा सोडलं की थेट तळेगाव. ज्याच्या भातखाचरातून हा रस्ता गेला, त्या मावळातल्या शेतकऱ्याला आपली मोटारसायकल त्यावर घालता येत नाही. बंदीमागचं कारण रास्त आहे, कारण त्या वेगात दुचाकीस्वाराचा निभाव लागणार नाही. रस्ता गरजेचा होता, बंदी शहाणपणाची आहे, आणि ज्यानं जमीन दिली त्याच्या वाट्याला रस्ता आलेला नाही. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

सार्वजनिक हित आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांच्यातला झगडा पाठ्यपुस्तकात बहुधा एका ठरावीक चित्रातून शिकवला जातो. एका बाजूला सगळा समाज, दुसऱ्या बाजूला आपला हक्क न सोडणारा एकटा माणूस. आता दोघांपैकी कोणाचं ऐकायचं ते सांगा. मावळात पाहिलं तर हे चित्र फार क्वचित जुळतं. इथे दोन्ही बाजूंना समाजच उभा असतो. एका बाजूला गिरणी, शहर, प्रवासी आणि पर्यटक. दुसऱ्या बाजूला गाव, नदीकाठ आणि खाचरं. मुंबई आणि पुणे यांच्या मधोमध असल्यामुळे या खोऱ्यातून सगळ्यांना जायचं असतं. १८५८ मध्ये पुणे-खंडाळा रेल्वे आली, मग वीज, मग धरणं, मग महामार्ग. प्रत्येक वेळी कारण सांगितलं गेलं ते सर्वांच्या भल्याचं. बहुतेक वेळा ते खोटंही नव्हतं. म्हणूनच मावळ हा या प्रश्नाचा चांगला अभ्यासविषय आहे. निव्वळ लबाडी असती तर प्रश्न सोपा झाला असता.

महामार्गाच्या आधी दोन हजार वर्षांपासून इथली जमीन ‘सर्वांसाठी’ दिली जात आली आहे. मळवलीच्या उत्तरेला कार्ल्याच्या चैत्यगृहातले शिलालेख पाहा. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीनं हे शैलगृह पूर्ण केलं असं एक लेख सांगतो. आतले खांब वेगवेगळ्या लोकांनी दिले, त्यात धेनुकाकट गावचे यवन आहेत; दार एका सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्यानं दिलं. भाज्यात तर विण्हुदत्त नावाच्या महारठीनं पाण्याचं टाकं कोरून दिल्याचा लेख आहे. ज्यानं दिलं त्यानं आपल्या खुशीनं, आपल्या कमाईतून दिलं आणि आपलं नाव कोरून ठेवलं. स्वतंत्र माणसांच्या इच्छेतून सामायिक वस्तू कशी उभी राहते, याचं याहून सुंदर उदाहरण मला ठाऊक नाही.

कार्ल्याच्या त्याच चैत्यगृहात आणखी एक दान नोंदलेलं आहे. क्षत्रप नहपानाचा जावई ऋषभदत्त यानं वलूरक, म्हणजे कार्ल्याच्याच, लेण्यांत वर्षावासाला राहणाऱ्या साधूंच्या उदरनिर्वाहासाठी करजिक नावाचं गाव दिलं, आणि साधूंच्यात पंथभेद करू नये असंही म्हटलं. पुढे सत्ता बदलली, सातवाहनांचा अंमल आला, आणि त्यांच्या राजानंही तेच गाव पुन्हा भिक्षूंना दिल्याची आज्ञा मामाळच्या अमात्याला लिहून पाठवली. हे मामाळ म्हणजेच आजचं मावळ, असं अभ्यासक मानतात. हेतू दोन्ही वेळा उदात्त होता. पण खांब देणाऱ्या माणसाचं नाव जसं दगडावर आहे, तसं करजिकच्या एकाही कुणब्याचं नाही. त्यांच्या पिकाचा वाटा कुणाकडे जायचा, हे त्यांना न विचारता ठरलं. दोन्ही दानं एकाच भिंतींच्या आत वाचता येतात. एकात देणाऱ्यानं स्वतःचं दिलं, दुसऱ्यात दुसऱ्याचं दिलं. या प्रकरणातला सगळा मुद्दा या फरकात आहे.

विसाव्या शतकात हाच फरक मोठ्या रकमेसह परत आला. मुंबईच्या कापड गिरण्यांना वीज हवी होती. सह्याद्रीच्या माथ्यावर धो-धो पाऊस पडतो आणि पश्चिमेला कोकणात खडा उतार आहे. तेव्हा पूर्वेकडे वाहणारं पाणी अडवून घाटाखाली सोडायचं आणि त्या उंचीच्या जोरावर वीज करायची, ही टाटांची योजना. १९११ मध्ये लोणावळ्यात कोनशिला बसली; १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला पोचली. मग आंद्रा खोऱ्यात ठोकळवाडीचं धरण आणि १९२२ मध्ये भिवपुरीचं वीजघर. तिसरी पाळी शेजारच्या मुळशीची. नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं ठरलं आणि पन्नासहून अधिक गावं पाण्याखाली जाणार हे निश्चित झालं.

इंजिनियरांच्या दृष्टीनं योजना उत्तम होती. गिरण्यांच्या धुरानं कोंदलेल्या मुंबईला कोळशाशिवाय वीज मिळणार होती. कंपनी हिंदी होती, म्हणून स्वदेशीच्या अभिमानालाही ती भावत होती. शेतकऱ्यांचा विरोध अनेक शहरी पुढाऱ्यांना अडचणीचा वाटला, तो यामुळे. देशी उद्योगाला विरोध म्हणजे देशाच्या भल्याला विरोध, असा तो युक्तिवाद होता.

कायद्याची बाजू अधिक महत्त्वाची आहे. जमीन घेतली गेली १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली. खासगी कंपनीसाठीही सरकार जमीन घेऊ शकत होतं. ते काम लोकांना उपयोगी पडेल अशी सरकारची खात्री झाली म्हणजे पुरे. जमीन सार्वजनिक कामासाठी लागते असं सरकारनं एकदा जाहीर केलं, की ती जाहीर करणारी अधिसूचना हाच त्याचा निर्णायक पुरावा, असं कलम सहामध्ये लिहिलेलं होतं. शेतकरी मोबदल्याच्या रकमेवरून कोर्टात भांडू शकत होता. हे काम खरोखर सर्वांच्या हिताचं आहे का, हा प्रश्न मात्र विचारण्याआधीच मिटलेला असे. हा कायदा स्वतंत्र भारतातही २०१३ सालच्या अखेरपर्यंत चालू राहिला.

१९२१ च्या रामनवमीला, १६ एप्रिलला, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्यानं दिली. विनायकराव भुस्कुटे त्यांच्याबरोबर होते. शिवरामपंत परांजप्यांसारख्या संपादकानंही तुरुंगवास भोगला. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा मावळ्यांच्या तोंडी बसली. कंपनीनं काम काही महिने थांबवलं, मग पुन्हा सुरू केलं.

मात्र लढा आतून फुटला होता आणि तो का फुटला हे समजून घेतल्याशिवाय आपला प्रश्न पुढे सरकत नाही. या संघर्षाचा बारकाईनं अभ्यास करणाऱ्या राजेंद्र व्होरा यांनी दाखवलं आहे, की मुळशीतल्या बऱ्याच जमिनी कागदावर पुण्याच्या सावकारांच्या नावे होत्या. मावळे पिढ्यान्‌पिढ्या त्या कसत होते, पण कर्जापायी कुळं बनले होते. सावकाराला जमिनीच्या बदल्यात चांगली रक्कम मिळत असेल तर तक्रार नव्हती; त्याच्या दृष्टीनं जमीन म्हणजे गुंतवणूक होती. मावळ्याला पैसा नको होता, किंबहुना तो पैसा त्याच्या हाती यायचाच नव्हता. तेव्हा कायदा मालमत्तेच्या हक्काचं रक्षण करत होता असं म्हणता येईल, आणि तरीही तो ज्या माणसाचं घर-शेत जाणार होतं त्याचं रक्षण करत नव्हता. मालकाचं स्वातंत्र्य शाबूत राहिलं, कसणाऱ्याचं बुडालं. व्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे कोणत्या व्यक्तीचं, हे विचारावं लागतं ते यासाठी.

१९२४ च्या डिसेंबरात बापटांनी कामाची रेल्वे अडवली, हातात पिस्तूल होतं, आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. लढा संपला. धरण पुरं झालं आणि १९२७ मध्ये भिऱ्याच्या वीजघरातून वीज सुरू झाली. भारतातला, किंवा व्होरा म्हणतात त्याप्रमाणे जगातलाच, हा पहिला धरणविरोधी लढा.

बेंथॅमसारखा विचारवंत इथे सरळ हिशेब मांडेल: जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख. मुंबईतले लाखो एका तागडीत, मुळशीतले काही हजार दुसऱ्या. या हिशेबात मुळशी कायम हरते, कारण डोंगरातली वस्ती नेहमीच शहराहून विरळ असते. जॉन स्टुअर्ट मिलनं १८५९ मध्ये वेगळी रेघ आखली: दुसऱ्याला इजा होत असेल तेव्हाच समाजानं माणसाला अडवावं. महाराष्ट्रात मिल आणि स्पेन्सर मुरवून घेतले ते गोपाळ गणेश आगरकरांनी. १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढून त्यांनी रूढीच्या जाचातून व्यक्तीला सोडवण्याचा ध्यास घेतला. आणि त्याच आगरकरांनी १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला, म्हणजे सरकारी हस्तक्षेपाला, पाठिंबा दिला. यात विसंगती नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलीचं स्वातंत्र्य राखायचं तर नवऱ्याच्या आणि घराच्या हक्काला मर्यादा घालावीच लागते.

गावाविषयी बोलतानाही हाच काटेकोरपणा हवा. मावळातल्या गावाची बाजू घेताना गाव म्हणजे एकजीव कुटुंब आहे असं समजण्याचा मोह होतो. गावकी अनेकदा शहाणपणानं वागते. गायरान राखते, पाणंद मोकळी ठेवते, ओढ्याचं पाणी वाटून घेते. पण त्याच गावकीनं अस्पृश्यांना शतकानुशतकं पाणवठ्यावरून हाकललं. संविधानाच्या मसुद्यात गावाला नव्हे तर व्यक्तीला घटक मानलं, याचं डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत समाधान व्यक्त केलं, त्यामागे हा अनुभव होता. महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट आपल्याला २० मार्च १९२७ च्या सत्याग्रहापुरती आठवते. पुढची कमी सांगितली जाते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ मध्येच झाला होता. तेव्हा सत्याग्रहानंतर विरोधकांनी दिवाणी कोर्टात दावा केला, की तळं सार्वजनिक नाहीच, ती खासगी मालमत्ता आहे. दहा वर्षं खटला चालला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयात त्यांचा दावा टिकला नाही. मुळशीत कंपनीच्या कामाला सार्वजनिक ठरवून माणसं हलवली गेली. महाडमध्ये सर्वांच्या पाण्याला खासगी ठरवून माणसं बाहेर ठेवायचा प्रयत्न झाला. दोन्हीकडे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हातात होता, त्याचं साधलं किंवा जवळजवळ साधलं.

स्वातंत्र्यानंतर संविधानानं सुरुवातीला मालमत्तेचा हक्क मूलभूत मानला. जमीन सुधारणांच्या आड तो येऊ लागला तसा तो छाटत आणला गेला, आणि १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनं मूलभूत हक्कांच्या यादीतून काढला. आता तो कलम ३०० क मध्ये साधा कायदेशीर हक्क आहे. दुसरीकडे मार्गदर्शक तत्त्वांमध्ये कलम ३९ (ख) आहे: समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी आणि नियंत्रण सामूहिक हित साधेल अशा रीतीनं वाटलं जावं. पण समाजाची साधनसंपत्ती म्हणजे कोणती? माझं घरही त्यात येतं का?

याचं उत्तर देशाला मिळालं ते मुंबईच्या चाळींच्या निमित्तानं. उपकर भरणाऱ्या, मोडकळीला आलेल्या इमारती ताब्यात घेण्याची तरतूद म्हाडा कायद्यात १९८६ मध्ये आली. सत्तर टक्के रहिवाशांनी मागणी केली तर मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम देऊन सरकार इमारत घेऊ शकत होतं. घरमालकांची संघटना कोर्टात गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ५ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला. बहुमतानं ठरलं, की प्रत्येक खासगी मालमत्ता ही आपोआप समाजाची साधनसंपत्ती होत नाही. त्या वस्तूचं स्वरूप काय, ती किती दुर्मिळ आहे, मोजक्या हातांत साठल्यानं समाजावर काय परिणाम होतो, हे पाहून ठरवावं लागेल. मला या निकालाचं मोल वाटतं ते यामुळे, की जाहीर करणं पुरेसं नाही, दाखवून द्यावं लागेल, असं तो सुचवतो.

२०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याची दिशाही तीच आहे. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती, सरकार-खासगी भागीदारीत ७० टक्के. सामाजिक परिणामांचं मूल्यमापन. ग्रामीण भागात बाजारभावाच्या चारपटीपर्यंत मोबदला. १९२१ साली हा कायदा असता तर मुळशीच्या मावळ्यांना निदान विचारावं तरी लागलं असतं. मात्र सरकार स्वतःसाठी जमीन घेतं तेव्हा संमतीची ही अट लागू होत नाही, आणि मावळातले मोठे वाद बरेचसे त्याच गटात मोडतात.

स्वातंत्र्याची बाजू घेणाऱ्यानं पावसाळ्यातल्या मावळाकडेही पाहिलं पाहिजे. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर जिल्हा प्रशासनानं मावळ, मुळशीसह अनेक तालुक्यांतल्या पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश काढले: खोल पाण्यात उतरू नये, धबधब्याखाली जाऊ नये. पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ ला, तळेगावजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भारानं कोसळला आणि चार जण दगावले. माझा जीव, माझी मर्जी, हे म्हणणं इथे लंगडं पडतं. वाहून जाणाऱ्याला काढायला लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र दोर घेऊन त्याच पाण्यात उतरतात, आणि त्यांच्या जिवाचा हिशेब पर्यटकाच्या मर्जीत धरलेला नसतो. तेव्हा बंदी योग्य. पण सरसकट बंदीनं भाज्याच्या वाटेवर मक्याची कणसं आणि भजी विकणाऱ्याचा सगळ्या वर्षाचा हंगाम जातो, त्याला त्याची भरपाई नाही. सुरक्षित वाटा, कठडे, गर्दी मोजून सोडण्याची सोय, यावर खर्च करण्यापेक्षा मनाई हुकूम काढणं स्वस्त पडतं. सामूहिक हिताची किंमत सर्वांत गरीब माणसाच्या खिशातून वळती करण्याची जुनी सवय इथेही दिसते.

लोहगडाच्या विंचूकाट्यावरून दक्षिणेला पाहिलं की पवना धरणाचा जलाशय दिसतो. सुमारे साडेआठ टीएमसीचं हे धरण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला झालं. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यातल्या अनेक खातेदारांचा पर्यायी जमिनीचा प्रश्न अर्धशतक उलटूनही सुटलेला नाही. धरणातून सोडलेलं पाणी नदीच्या पात्रातून वाहत जातं, आणि खाली रावेतला ते पिंपरी-चिंचवडसाठी उचललं जातं. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १७ लाखांच्या वर होती. उद्योगनगरीतल्या कामगारांची, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांची तहान खरी आहे, आणि त्यांतले पुष्कळ जण मावळातूनच तिथे गेलेले आहेत.

महापालिकेनं धरणापासून निगडीपर्यंत सुमारे ३४ किलोमीटरची बंद जलवाहिनी टाकायचं ठरवलं. त्यामागची कारणं समजण्याजोगी होती. उघड्या पात्रात पाणी मुरतं, उडतं, वाटेतलं सांडपाणी मिसळतं. पण नदीकाठच्या गावांच्या लेखी ते मुरणारं पाणी वाया जात नव्हतं. त्यावर काठच्या विहिरी भरत होत्या, उपसा सिंचनाचे पंप चालत होते. ज्या तालुक्यातल्या वडगावच्या संशोधन केंद्रानं १९८७ मध्ये इंद्रायणी तांदूळ दिला, त्या तालुक्याच्या शेतीचा तो आधार होता. शहराच्या हिशेबवहीत जी गळती, ती गावाच्या वहीत जमा. दोघांची आकडेमोड आपापल्या जागी बरोबर होती आणि त्या दोन वह्या शेजारी ठेवून कुणी वाचल्या नाहीत.

९ ऑगस्ट २०११ ला, क्रांतिदिनी, बौर गावाजवळ शेतकऱ्यांनी द्रुतगती महामार्ग अडवला. पोलिसांनी गोळीबार केला. तीन जण मेले. त्यांत एक बाई होती. चौकशी आयोग नेमला गेला, प्रकल्प थांबला आणि कित्येक वर्षं जैसे थे राहिला. शहराची गरज दरवर्षी वाढतच गेली.

रस्ता अडवणं हा हजारो प्रवाशांच्या स्वातंत्र्यावर घाला होता, यात शंका नाही. पण त्या दिवशी माणसं रस्त्यावर का आली, हे विचारलं तर उत्तर मुळशीपर्यंत मागे जातं. ज्यांचं पाणी न्यायचं त्यांना निर्णयाच्या टेबलावर जागा नव्हती आणि आधीच्या धरणाचं देणं बाकी होतं. ज्याला पहिल्या वेळी दिलेला शब्द पाळलेला दिसला नाही, तो दुसऱ्या वेळी सर्वांच्या भल्याच्या भाषेवर भरवसा ठेवत नाही, आणि त्याला हट्टी म्हणणं अन्यायाचं आहे.

जलवाहिनी कधीच होऊ नये असं माझं मत नाही. शहराला स्वच्छ पाणी मिळायला हवं. पण पवना धरणग्रस्तांची जमीन आधी त्यांच्या सातबारावर चढवावी. जलवाहिनीच्या सुनावण्या पवनानगरला आणि काठच्या गावांत, भातलावणीचे दिवस टाळून, घ्याव्यात. नदीत बारमाही किती पाणी सोडलं जाईल हा आकडा कायद्यानं बांधून, गावाला स्वतः मोजता येईल अशा जागी मोजला जावा, आणि तो मोडला तर जाब कोणाला विचारायचा हेही त्यातच लिहिलेलं असावं. शहरानं आपल्या पाणीपट्टीतला ठरलेला वाटा धरणाच्या वरच्या गावांना द्यावा. मग जलवाहिनीचा नकाशा गावापुढे मांडावा, आणि गावानं नाही म्हटलं तर त्याची कारणं पोलीस व्हॅन न बोलावता ऐकून घ्यावीत.